पाच मुलींचा वर्ग ते मॅनेजमेंटची शाळा

 

मागच्या खेपेला आपण बचत गटाच्या हिशोबाच्या वहीबद्दल बोललो होतो. त्यानंतर बोऱ्हाडेवाडीच्या एका ताईंनी निरोप पाठवला. त्यांची मुलगी बी.कॉम. झाली आहे, एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला आहे आणि आता एमबीए करायचं म्हणते. ताईंचे प्रश्न अगदी सरळ आहेत. "हे एमबीए म्हणजे नक्की काय? मोठ्या नावाच्या कॉलेजात नंबर लागला नाही, तर लहान विद्यापीठात घालावं का? आणि मुलीवर एवढा खर्च करून उपयोग काय, असं घरात विचारतात, त्यांना मी काय सांगू?"

प्रश्न ताईंचा असला तरी तो आज आपल्या भागातल्या घराघरांत आहे. नागपूरच्या आयआयएमची शाखा आपल्या मोशीत येणार, अशा बातम्या आल्या, तेव्हापासून चहाच्या टपरीवरसुद्धा मॅनेजमेंटची चर्चा चालते. पण आयआयएम जवळ आली म्हणून आपल्या मुलीला तिथे जागा मिळेलच, असं थोडंच आहे? बहुतेक मुली शिकतात त्या लहान संस्थांतच. म्हणून आज मी तुम्हाला एका विद्यापीठाची गोष्ट सांगणार आहे. ते पाच मुलींवर सुरू झालं आणि पुढे त्याने मुलींसाठी मॅनेजमेंटची संस्था काढली. त्या गोष्टीतच ताईंच्या प्रश्नांची बरीचशी उत्तरं आहेत.

आधी पहिला प्रश्न. मॅनेजमेंट म्हणजे काय?

समजा, तुम्ही कंपनीला डबे पुरवता. रोज १०० डबे, एका डब्याचे ७० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर बिल होतं १ लाख ८२ हजार. एका डब्याला सामान, गॅस, मजुरी मिळून ५० रुपये खर्च येतो. म्हणजे डब्यामागे २० रुपये सुटतात, महिन्याला ५२ हजार. कागदावर धंदा झकास! पण कंपनी बिलाचे पैसे देते दीड महिन्याने. किराणावाला मात्र आठवड्याला दारात उभा राहतो. तेव्हा पहिला रुपया हातात येईपर्यंत तुम्हाला जवळजवळ दोन लाख रुपये पदरचे घालावे लागतात. नफा आहे, पण गल्ल्यात पैसा नाही. किती तरी जणींचे चांगले चाललेले धंदे इथेच बसतात, आणि त्या म्हणतात, "आमचं नशीबच फुटकं."

नशीब नाही, मैत्रिणींनो. याला म्हणतात खेळतं भांडवल. ते किती लागेल याचा अंदाज आधी बांधता येतो. बँकेकडून ते मागता येतं. लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत चुकतं करायला सांगणारा कायदाही २००६ पासून आहे, पण त्याचा फायदा घ्यायचा तर आपल्या उद्योगाची नोंदणी केलेली हवी. हे सगळं ज्या वर्गात शिकवतात, तो मॅनेजमेंटचा वर्ग. त्यात हिशोब आणि भांडवल आलं, माल कसा विकायचा ते आलं, माणसं कशी नेमायची, सांभाळायची ते आलं, कारखान्यात काम अडू नये म्हणून माल कधी आणि किती मागवायचा तेही आलं. दोन वर्षांचा अभ्यास, चार सत्रं, आणि मधल्या सुट्टीत साधारण दोन महिने एखाद्या कंपनीत प्रत्यक्ष काम. एमबीए म्हणजे एवढंच. यात जादू काही नाही, पण शिकलेलीला आणि न शिकलेलीला पगारात आणि मानात फरक पडतो, हेही खरं.

आता गोष्ट.

धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपले अण्णासाहेब, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. विधवांसाठी त्यांनी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला नेला, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं आहे. नंतर त्यांच्या हाती जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका आली. तोक्योचं ते विद्यापीठ १९०१ साली निघालं होतं. अण्णांनी ते मनात धरलं आणि १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केलं. पहिल्या वर्गात मुली किती? पाच!

आज एखाद्या कॉलेजात पाच मुली असल्या तर आपण म्हणू, "बंद पडणार हे." तेव्हाही लोक तेच म्हणत होते. पण हे विद्यापीठ दोन बाबतींत वेगळं होतं. एक म्हणजे शिकवणं मातृभाषेतून. इंग्रजी विषय म्हणून होताच, पण इतिहास, आरोग्य, घरव्यवस्था हे सारं आपल्या भाषेत. दुसरं म्हणजे पदव्यांची नावंसुद्धा आपली. बी.ए.च्या जागी 'गृहीतागमा' आणि एम.ए.च्या जागी 'प्रदेयागमा'. नावं भारदस्त होती. पण एक मोठी अडचण होती, आणि आजच्या आपल्या विषयात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. सरकारने या पदव्यांना मान्यता दिलेली नव्हती.

मुलगी शिकायची, परीक्षा द्यायची, पदवी घ्यायची. पण सरकारी नोकरीच्या दारात त्या पदवीचं वजन दुसऱ्या विद्यापीठाच्या पदवीएवढं धरलं जात नसे. शिक्षण खरं, पण कागद कच्चा. मान्यतेचा कायदा झाला १९४९ साली आणि तो अमलात आला १९५१ साली. १९१६ ते १९५१, मोजा बरं. पस्तीस वर्षं! मान्यता मिळाल्यावर पदव्याही बी.ए., एम.ए. झाल्या. काही जणांना ती जुनी सुंदर नावं गेल्याचं वाईट वाटलं असेल. पण मुलींना पुढची दारं उघडायची, तर जगाला कळणारी पदवी हवी होती.

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. संस्था लहान असणं हा दोष नव्हे. पाच मुलींचा वर्गही उत्तम असू शकतो. पण कागद पक्का आहे का, हे पहिल्यांदा बघायचं. त्या काळच्या मुलींना दुसरा पर्याय नव्हता. आपल्या मुलींना आहे.

पैशाचंही ऐका. विद्यापीठ चालवायला अण्णा गावोगाव फिरून वर्गणी गोळा करत. १९२० साली मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ. आपण ज्याला एसएनडीटी म्हणतो ते हेच. आता गंमत बघा. ते १५ लाख एकदम खर्चायला मिळाले नाहीत. रक्कम तशीच ठेवायची आणि तिच्या व्याजाचे वर्षाला साडेबावन्न हजार रुपये विद्यापीठाने वापरायचे, अशी व्यवस्था होती. देणगीला अटीही होत्या. १९३६ साली विद्यापीठाचं मुख्य ठाणं पुण्याहून मुंबईला गेलं. पुण्यातलं आवार मात्र राहिलं, आजही ते महर्षी कर्वे रस्त्यावर आहे.

बचत गट चालवणाऱ्यांना हे लगेच कळेल. मुद्दल मोडायचं नाही, व्याजावर चालायचं. ज्या संस्थेपाशी असं मुद्दल असतं, तिला एखादं वर्ष मुली कमी आल्या तरी ती तग धरते. जिच्यापाशी नुसती या वर्षीच्या फीची आशा असते, तिला प्रत्येक जून महिना परीक्षेचा जातो.

आता वाणिज्य आणि मॅनेजमेंट. मुंबईत सिडनहॅम हे वाणिज्याचं कॉलेज १९१३ साली निघालं होतं. पुण्यात बीएमसीसी निघालं १९४३ साली. पण महिला विद्यापीठाच्या सुरुवातीच्या अभ्यासात बाजाराला जागा नव्हती. घर, आरोग्य, शिक्षण एवढंच मुलीचं क्षेत्र, असं तेव्हाच्या सुधारकांनाही वाटत होतं. त्यांना नावं ठेवायला नकोत. मुलगी शिकते हेच तेव्हा मोठं होतं. पुढे दिवस बदलले, तसं विद्यापीठ बदललं. कला शाखेला वाणिज्य जोडलं गेलं, परिचर्या आली, ग्रंथालयशास्त्र आलं, घरी बसून शिकणाऱ्या बायकांसाठी दूरशिक्षण आलं.

आणि १९९७ साली मुंबईत जुहूच्या आवारात मॅनेजमेंटची संस्था निघाली. तिचं नाव जानकीदेवी बजाज इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट स्टडीज. मुलींना अभियांत्रिकी शिकवणारी संस्थाही या विद्यापीठाने त्याच सुमारास त्याच आवारात सुरू केली.

बजाज म्हटलं की आपल्याला आकुर्डी आठवते. आपल्यापैकी कितीतरी जणींचे वडील, सासरे तिथल्या कारखान्यात स्कूटर जोडत होते. त्या घराण्यातल्या जानकीदेवी कोण होत्या? त्यांचा जन्म १८९३ सालचा. लहान वयातच लग्न झालं आणि वर्ध्याला जमनालाल बजाज यांच्या घरी आल्या. शाळेत शिकणं त्यांच्या वाट्याला आलं नाही. पुढे गांधीजींच्या चळवळीत त्या उतरल्या. पडदा सोडला, दागिने सोडले, खादी धरली, तुरुंगात गेल्या, विनोबांच्या भूदानाच्या कामात हिंडल्या. १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आता बघा. जमनालालजींच्या नावाने मुंबई विद्यापीठात मॅनेजमेंटची संस्था निघाली १९६५ साली, आणि तिला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं सहकार्य होतं. जानकीदेवींच्या नावाची मुलींची संस्था निघाली १९९७ साली. नवऱ्याच्या नावाची संस्था आधी आणि बायकोच्या नावाची बत्तीस वर्षांनी! घराघरांत चालतं तसंच झालं म्हणायचं. पण झालं. जिला स्वतःला शाळा मिळाली नाही, तिच्या नावाच्या वर्गात आज मुली ताळेबंद वाचायला शिकतात.

१९९७ हे साल आपल्याही लक्षात राहण्यासारखं आहे. आपली मोशी ग्रामपंचायतीतून महापालिकेत आली ती त्याच वर्षी. १९९१ नंतर देशाचं धोरण बदललं, परदेशी कंपन्या आल्या, चाकणला शेतं जाऊन कारखाने उभे राहिले. कारखाना आला की नुसते हात लागत नाहीत. माल मागवणारं, पगार काढणारं, गिऱ्हाइकाशी बोलणारं, हिशोब तपासणारं माणूस लागतं. ती माणसं कुठून आणायची? म्हणून नव्वदच्या दशकात मॅनेजमेंटच्या संस्था भराभर निघाल्या. महिला विद्यापीठाने काढलेली संस्था त्याच लाटेतली.

मग कोणी विचारेल, मुलींसाठी वेगळी संस्था कशाला? मुलं-मुली एकत्रच काम करणार ना पुढे?

प्रश्न रास्त आहे. पण थोडं मागे जाऊन बघा. अमेरिकेतल्या हार्वर्डसारख्या नामांकित शाळेने दोन वर्षांच्या एमबीएला मुलींना पहिल्या वर्षापासून घ्यायला सुरुवात केली ती १९६३ साली. त्या पहिल्या वर्गात मुली होत्या फक्त आठ. १९७४ साली बोस्टनच्या सिमन्स कॉलेजने खास बायकांसाठी एमबीए काढलं. त्याच १९७४ साली आपल्या पिंपरीच्या टेल्कोने जाहिरात दिली आणि त्यात लिहिलं की मुलींनी अर्ज करू नयेत. सुधा मूर्तींनी, तेव्हा त्या सुधा कुलकर्णी होत्या, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकून जाब विचारला. मुलाखतीला बोलावणं आलं आणि टेल्कोतल्या त्या पहिल्या महिला इंजिनियर झाल्या. आज त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात मोटारी जोडण्याची एक आख्खी लाईन मुली चालवतात.

म्हणजे दार आधी बंदच होतं. ज्या घरातून मुलीला मिश्र कॉलेजात किंवा परगावी पाठवत नव्हते, त्या घरांतल्या मुलींना महिला विद्यापीठाने शिकण्याची वाट करून दिली. वर्गात प्रश्न विचारायचा, गटाचं पुढारपण करायचं, सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं, हे तिथे मुलींनाच करावं लागतं, कारण दुसरं कोणी नसतंच. तोटाही आहे. सवय नसेल तर पुढे पुरुषांनी भरलेल्या बैठकीत बोलताना सुरुवातीला जड जातं. आणि आता चित्रही बदललं आहे. २०१३ साली कोझिकोडच्या आयआयएमच्या नव्या वर्गात निम्म्याहून जास्त मुली होत्या. त्याच वर्षीच्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळात निदान एक बाई असलीच पाहिजे, असं ठरलं. चिंचवडच्या थरमॅक्सची धुरा तर अनू आगांनी पतीच्या निधनानंतर १९९६ सालीच उचलली होती. तेव्हा मुलींची वेगळी संस्था चांगली की मिश्र, याचं एकच उत्तर नाही. आपली मुलगी कुठे मोकळी होईल, हे आपणच ओळखायचं.

आता लहान संस्था वाढते कशी, आणि वाढताना कुठे घसरते, हे समजून घेऊ. सुरुवात बहुधा एका खोलीतून होते. वाणिज्य विभागाचे दोन-तीन प्राध्यापक, संध्याकाळचा पदविकेचा वर्ग. मग अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची परवानगी मिळते, म्हणजे आपण जिला एआयसीटीई म्हणतो तिची. एका तुकडीला बहुधा ६० जागा. समजा, वर्षाची फी एक लाख. दोन वर्षांच्या मिळून १२० विद्यार्थिनी झाल्या, तर वर्षाला १ कोटी २० लाख आले. त्यात प्राध्यापकांचे पगार, ग्रंथालय, संगणक, इमारत, सगळं भागलं. पण जागा निम्म्याच भरल्या तर येतात ६० लाख. इमारतीचा हप्ता कमी होत नाही, विजेचं बिल कमी होत नाही. मग कात्री लागते कुठे? प्राध्यापकांवर. कायमच्या माणसाऐवजी तासावर येणारा माणूस. वर्ग चालू राहतो, पाटीही तीच राहते, पण आतलं शिकवणं पातळ होतं.

याच्या उलटही घडतं. मुली भरपूर येतात, म्हणून एकाच्या दोन तुकड्या होतात, बीबीए निघतं, नवी इमारत होते, पण प्राध्यापक तेवढेच. भात वाढला आणि आमटीत पाणी घातलं, तसं. म्हणून नुसती वाढ बघून भुलायचं नाही. जागांबरोबर शिकवणारी माणसं वाढली का, हे बघायचं.

आपल्या आसपास आता विद्यापीठांचे तीन-चार प्रकार झाले आहेत, त्यांची गल्लत करू नका. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि एसएनडीटी ही सार्वजनिक विद्यापीठं. त्यांना जोडलेली शेकडो कॉलेजं असतात आणि पदवी विद्यापीठाची मिळते. दुसरी अभिमत विद्यापीठं. पिंपरीचं डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ त्या प्रकारचं. तिसरी खासगी विद्यापीठं, म्हणजे राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली पण स्वतःच्या पैशावर चालणारी. मावळात साते गावाजवळचं पिंपरी चिंचवड विद्यापीठ हे २०२३ सालचं, म्हणजे अगदी ताजं. आणि चौथं मुक्त विद्यापीठ, नाशिकचं यशवंतराव चव्हाण विद्यापीठ, १९८९ पासूनचं. नोकरी सोडता येत नाही अशा मुलींसाठी ती वाट आहे. यातलं कुठलंही वाईट नाही. पण फीचे नियम प्रत्येकाचे वेगळे आहेत, आणि इथेच आपल्या घरांना मोठा फटका बसतो.

हे नीट ऐका. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय केला. ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी ही सवलत निम्मी होती, २०२४-२५ पासून ती शंभर टक्के झाली. एमबीए हा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आधीपासून आहेत.

पण अटी आहेत. प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे सीईटी देऊन आणि कॅपच्या फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वतःच्या पैशावर चालणारी खासगी विद्यापीठं यांनाही ती लागू नाही. आणि वसतिगृह, जेवण, बस, हे खर्च आपल्यालाच.

आमच्या शेजारच्या एका मुलीचं काय झालं सांगते. हुशार मुलगी. सीईटीला बरे गुण होते. एका संस्थेच्या माणसाने घरी येऊन सांगितलं, "कॅपची वाट कशाला बघता, जागा भरत आल्यात, आजच पैसे भरा." वडिलांनी गावाकडची म्हैस विकून आणि सोसायटीचं कर्ज काढून पहिला हप्ता भरला. नंतर कळलं की हा प्रवेश संस्थेच्या पातळीवरचा. थोडं थांबून फेरीतून गेली असती, तर तिला शिक्षण शुल्क लागलंच नसतं. मुलगी शिकते आहे, चांगली शिकते आहे, पण बाप अजून हप्ते फेडतो. ती मला म्हणाली, "काकू, मला अकाउंट्स शिकवायला सर आहेत, पण हे कोणी शिकवलं नाही." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आजचं हे बोलणं खरं तर तिच्यासाठीच आहे.

बारावीच्या मुलींच्या आयांनीही एक लक्षात ठेवा. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस हे पदवीचे अभ्यासक्रमसुद्धा तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांना सीईटी लागू झाली. पहिल्याच वर्षी कितीतरी मुलांना हे वेळेत कळलं नाही आणि पुन्हा एकदा परीक्षा घ्यावी लागली. तेव्हा बारावीच्या निकालानंतर बघू, असं म्हणू नका. सीईटीचा अर्ज निकालाच्या आधीच भरायचा असतो. जातीचा, उत्पन्नाचा दाखला आणि जात पडताळणी यांची तयारीही आदल्या वर्षीच सुरू करा.

आता संस्थेत चौकशीला जाल, तेव्हा काय विचाराल? वहीत लिहून घ्या.

पहिला प्रश्न, पदवी कोणाची मिळणार? पदवी आणि पदविका यांत फरक आहे. गोड बोलणाऱ्या माणसाचं ऐकू नका, कागदावर बघा.

दुसरा, या वर्षीची परिषदेची परवानगी आहे का? गेल्या वर्षीची नव्हे, या वर्षीची. आणि नॅकचं मूल्यांकन झालं आहे का, कधी झालं?

तिसरा, कायमचे प्राध्यापक किती आणि वर्गात मुलं किती? एक दिवस वर्गाबाहेर उभं राहून बघा. शिकवणं चालू आहे की नुसता पंखा फिरतो आहे, ते कळतंच.

चौथा, नोकऱ्यांचं काय? इथे एक हिशोब ध्यानात ठेवा. दहा मुली आहेत. एकीला वर्षाला १८ लाखांची नोकरी लागली, बाकी नऊ जणींना ३-३ लाखांची. सरासरी किती निघाली? साडेचार लाख! प्रत्यक्षात साडेचार लाख कोणालाच मिळालेले नाहीत. आणि फलकावर फोटो असतो १८ लाखवालीचा. म्हणून सरासरी विचारू नका, सर्वांत मोठा पगारही विचारू नका. विचारा, "मधल्या मुलीला किती मिळाले? आणि किती जणींना काहीच मिळालं नाही?" मागच्या वर्षीच्या दोन-तीन मुलींशी बोलायला मिळेल का, हेही विचारा.

पाचवा, जाण्यायेण्याचं काय? हसू नका. भारतमाता चौकातून नाशिक फाट्यापर्यंत संध्याकाळी किती वेळ लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. जी मुलगी रोज चार तास रस्त्यावर घालवते, ती अभ्यास कधी करणार? जवळचं मध्यम कॉलेज कधी कधी लांबच्या नावाजलेल्या कॉलेजापेक्षा बरं पडतं.

राहिला ताईंचा तिसरा प्रश्न. मुलीवर एवढा खर्च करून उपयोग काय? घरात हा प्रश्न विचारणाऱ्यांना रागावू नका. त्यांना डब्याचा हिशोब सांगा. घरात दोन लाख कुठे अडकले, बँकेचं व्याज किती जातं, कोणत्या कागदावर सही करायची आणि कोणत्या नाही, हे कळणारं एक माणूस घरात असलं की त्या घराचं किती वाचतं? आपल्या भागात जमिनीचे पैसे आले आणि गेले, अशी घरं आपण पाहिली आहेत. गाड्या आल्या, बंगले आले आणि मग काहीच उरलं नाही. त्या घरांत हिशोब विचारणारी एखादी मुलगी असती, आणि तिचं कोणी ऐकलं असतं, तर?

एसएनडीटीचं बोधवाक्य आहे 'संस्कृता स्त्री पराशक्तिः'. शिकलेली, घडलेली स्त्री ही मोठी शक्ती आहे. हे वाक्य घेऊन निघालेल्या विद्यापीठाला पदवीची मान्यता मिळायला पस्तीस वर्षं लागली आणि मॅनेजमेंटची संस्था काढायला एक्याऐंशी. आपल्या मुलींना एवढं थांबायची गरज नाही. फक्त घाई आणि चौकशी यांत फरक करायचा. पैसे भरायची घाई नको, चौकशीला मात्र आजच निघा.

बोऱ्हाडेवाडीच्या ताई, मुलीला घेऊन एकदा भेटा. वही बरोबर आणा. आणि बाकीच्या मैत्रिणींनो, तुमच्या घरातल्या मुलीच्या प्रवेशाच्या वेळी आणखी काय अडलं ते कळवा. पुढच्या वेळी शैक्षणिक कर्जाबद्दल बोलू. बँकेत जाताना कोणते कागद न्यायचे, व्याज कधीपासून सुरू होतं आणि जामीन राहणाऱ्याने काय ध्यानात ठेवायचं, ते सारं.

तोवर नमस्कार. काळजी घ्या.